निळी फाइल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या घरी चहाला येणार नाही आणि आमचं गॅरेज बघणार नाही.

गॅरेजचंच आधी सांगतो. मँचेस्टरला येऊन आम्हाला नऊ वर्षं झाली, पण गाडी एकदाही आत गेलेली नाही. आत खोकी आहेत. कौन्सिलची पत्रं, शाळेची पत्रकं, केव्हाच मोडून टाकलेल्या किटलीची पावतीसुद्धा. अनघा, माझी बायको, कागदाचा कपटाही फेकत नाही. मी वैतागतो, आरडाओरडा करतो. मी! तिला ही सवय कुणी लावली?

त्यासाठी एक कंटाळवाणी गोष्ट ऐकावी लागेल, इलाज नाही. आम्ही आधी अमेरिकेत होतो, तिथलं नागरिकत्व घेतलं. तिथे निवृत्तीसाठी रॉथ नावाचं खातं असतं. त्यातून म्हातारपणी काढलेल्या पैशावर कर नाही. पण पगार जास्त असला की त्यात थेट पैसे टाकता येत नाहीत. मग आधी साध्या निवृत्ती खात्यात टाकायचे आणि तिथून रॉथमध्ये वळवायचे. निव्वळ द्राविडी प्राणायाम! वर त्या वर्षी एक फॉर्म भरून सरकारला कळवायचं, की बाबांनो, या मुद्दलावर मी कर आधीच दिलाय, पुन्हा लावू नका. दोन पानांचा फॉर्म.

तीन वर्षं मी पैसे वळवले. फॉर्म एकदाही भरला नाही. का? कंटाळा — दुसरं काही नाही. ऑफिसात मात्र याच फॉर्मवर मी चारचौघांना व्याख्यानं द्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान. अनघा दर वर्षी विचारायची, "तो फॉर्म गेला ना?" मी म्हणायचो, "गेला."

मग इथे आल्यावर अमेरिकेहून पत्र आलं. वळवलेल्या सगळ्या रकमेवर कर मागितला होता. पत्र तिनेच उघडलं. भरलेल्या फॉर्मच्या प्रती कुठे आहेत, असं तिने विचारलं — साधा प्रश्न — आणि माझ्या तोंडून निघालं, "निळ्या फाइलमध्ये होत्या. निघताना तूच फेकलीस ती."

किती सहज सुचलं! निघताना तिने दोन पिशव्या कागद रद्दीत टाकले होते, तेही माझ्याच सांगण्यावरून. तिला निळी फाइल आठवेना. पण फेकली नाही, असंही छातीठोकपणे सांगता येईना. ती रडली. जुन्या घरमालकाला तिने फोन केला, माळ्यावर काही राहिलंय का ते बघाल का म्हणून अजिजी केली. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतो. मग तिने माझी माफी मागितली आणि मी — ऐका — मी मोठ्या मनाने तिला माफ केलं.

पुढे काय झालं असेल? काही नाही! खात्याची जुनी विवरणं ऑनलाइन मिळाली. एका रविवारी दुपारी तिन्ही फॉर्म भरून उत्तरासोबत पाठवले आणि प्रकरण मिटलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी तिला म्हणालो, "बघ, निस्तरलं मी." तिने श्रीखंड केलं. मी दोनदा वाढून घेतलं.

त्यानंतर गणपतीला जमलेल्या मित्रमंडळींत मी एक विनोद सुरू केला, की हिच्या हाती कागद देऊ नका. तो अजून चालतो. तीही हसते.

मागच्या शनिवारी चिडून मी गॅरेज आवरायला काढलं. अनघा जमिनीवर बसून एकेक कागद बघत होती. तिने एक पावती माझ्यापुढे धरली. शाई उडून गेली होती, नुसता कोरा कागद उरला होता.

"तू बघून सांग, फेकू का? माझा माझ्यावर भरवसा नाही रे."

मी बघितला. फेक म्हणालो. तिने जरा वेळ तो हातात धरला आणि परत खोक्यात ठेवला.

निळी फाइल आमच्या घरात कधीच नव्हती.