तिघांत एक चॅनेल

तीन माणसांना बोलायला एकच वाट असली, की किस्से आपोआप साचत जातात. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत नदीच्या पाण्याची खबर वायरलेसवरून कळवायची, हे आमचं काम. मी जाफराबादला, शेखभाई आष्टीला आणि आमचे वरिष्ठ खरातसाहेब जालन्याला. तिघांत चॅनेल एक. माणसं चांगली भेटली, हे माझं नशीब.

माझ्या खोलीशेजारी बद्रीशेठची पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की हेडफोनात नुसती खरखर. मी जाऊन विनंती केली. तेव्हापासून शेठ रोज माझ्या खबरीच्या वेळेला गिरणी बंद ठेवू लागले. दळणाला आलेल्या बाया वैतागल्या, की सांगायचे, "थांबा जरा. नदी बोलून राह्यली."

एकदा आमच्या चॅनेलवर कुठलं तरी लांबचं स्टेशन घुसू लागलं. साहेबांनी शेखभाईंना दुसरं एक चॅनेल रिकामं आहे का, ते दिवसभर ऐकून पाहायला सांगितलं. संध्याकाळी त्यांनी कळवलं, "साहेब, बिलकुल खाली हाय. फक्त एक बाई गाऊन राह्यली." अर्थात ते चॅनेल आम्हाला मिळालं नाही. शेखभाई मात्र बरेच दिवस हळहळत होते.

रमजानच्या शेवटी आष्टीवर ढग होते. जाफराबादला आभाळ मोकळं होतं, चंद्रकोर मी पाहिली होती. पण खासगी बोलायला मनाई. मी पाण्याची पातळी सांगितली आणि घुटमळलो. तेवढ्यात जालन्याहून साहेबच म्हणाले, "जाफराबाद, आभाळाची खबर राहिली तुमची."

माझी बायको सुमन बाळंत होणार, तेव्हाच पूर्णा नदीला पूर आला होता. रस्ता बंद. मूल पायांकडून येत होतं आणि गावातली सुईण घाबरली होती. मी कसाबसा जालन्याला निरोप दिला. साहेबांनी जीप पाठवून डॉक्टरीणबाईंना थेट आपल्या वायरलेसच्या खोलीत आणून बसवलं. मग म्हणाले, "आष्टी, बाळंतपण होईपर्यंत चॅनेल जाफराबादचं."

शेखभाईंनी त्या दिवशी पाण्याची खबर तारेनं पाठवली. इकडे डॉक्टरीणबाई शांतपणे एकेक गोष्ट सांगत होत्या. मी ती दाराशी जाऊन पलीकडच्या खोलीतल्या सुईणीला सांगायचो, आणि तिचं उत्तर घेऊन परत यायचो. सुमनचा आवाज येईनासा झाला. मग बाळ रडलं.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, एवढं सांगून मी बोलायचं बटण सोडलं. साहेब आणि शेखभाई एकदमच बोलू लागले. दोन आवाज एकाच चॅनेलवर आदळून हेडफोनात नुसती शिट्टी, एकाचाही शब्द कळेना. ती थांबेपर्यंत मी ऐकत राहिलो.