डावीकडे सरकलेलं ताट

सून चुलीवर मासे तळून राहिली आहे, अन् जवसाच्या तेलाचा वास अंगणातल्या माझ्या खाटेपर्यंत आला आहे. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्या साली माझी बायको गेली. तेरवी झाली अन् दुसऱ्या दिवशी पोरानं कोंढ्याच्या बाजारातून रोहू आणला. आमचं घर मासे-मटणाचं, रश्श्याबिगर भात कोणाच्या घशाखाली उतरत नाही. मलेही भूक होती. ताटात तुकडा पडला तसं मी सवयीनं ताट डावीकडे सरकवलं. तिथं कोणीच नव्हतं. लग्न झाल्यापासून वाढायच्या निमित्तानं ती तिथं बसायची, पदराआड काटे काढायची अन् साफ तुकडा माझ्या भातावर ठेवायची. नांगराले बैल नसला तर खांदा देईल असा मी गडी, पण मले माशाचे काटे काढता येत नाही, हे तिनं पोरांना कधी कळू दिलं नाही. मी ताट ओढून घेतलं अन् म्हटलं, "मासा काढ. आजपासून मले वरण-भातच." पोरगा हसला, "काहून बाबा, माळ घालता का आता?" "घालीन, तुयं काय जाते?" तेव्हापासून गाव मले भगत म्हणते. म्हणू द्या. सून आजही विचारेल, "मामाजी, एक तुकडा वाढू का?" मी नको म्हणीन, अन् ताट सरकू नये म्हणून डाव्या हातानं धरून ठेवीन.