शेवटच्या नळावरच्या पेशी

आमच्या घरात सगळ्यांना वाटतं, लिव्हर म्हणजे खाटकाकडची कलेजी. एकसारखी, लालभडक, कुठूनही कापा. मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये वीस वर्षं तीच कापते, केसाहून पातळ, आणि रंगवून काचेवर चढवते. सूक्ष्मदर्शकाखाली ती मुळीच एकसारखी नसते. तिच्यात बारीक बारीक षटकोनी खंडिका असतात. रक्त खंडिकेच्या कडेनं आत शिरतं आणि मधल्या शिरेतून निघून जातं. कडेच्या पेशींना प्राणवायू आधी मिळतो. त्यांच्या तंतुकणिका, म्हणजे पेशीतल्या भट्ट्या, मोठ्या, काम साखर बनवण्याचं, ऐट सावकारणीची. मधल्या शिरेजवळच्या पेशींना मिळतो उरलासुरला, आमच्या पेठेत चार दिवसांनी येणारं पाणी शेवटच्या नळाला मिळतं तसा. आणि औषधं फोडायचं घाणेरडं काम मात्र त्यांच्याच गळ्यात. गोळ्या जास्त झाल्या की त्याच आधी मरतात.

हे मी आईला दहादा तरी सांगितलं असेल. ती म्हणायची, "असू दे गं, ती भाकरी उलट आधी."

गेल्या श्रावणात धाकट्या भावाचे डोळे पिवळे झाले. तो टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर मागावर उभा असतो. आईनं मला न विचारता काविळीच्या बाबाकडं जायचं ठरवलं, कुंभारी गावाच्या पलीकडं एका वस्तीवर. मीही गेले, तमाशा बघायला. बाबानं भावाच्या हाताला कसलासा रस चोळला, चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंधमक. आई हात जोडून उभी. मी म्हटलं, माझेही धुवा. तेही पाणी पिवळंच झालं! बाबा शांतपणे म्हणाला, "ताई, तुमाला बी हाय की." माणसाला अकलेची कावीळ होते हे मला तेव्हाच पटलं. पण परतताना रिक्षाभर हसण्यात मी भावाकडं नीट बघितलं नाही. आपण शहाणे आहोत, एवढ्या आनंदात ती संध्याकाळ गेली.

दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, बोलताना गुंगी येऊ लागली. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि सरळ विचारलं, "गोळ्या कसल्या घेत होता? किती? खरं सांगा, त्यावर औषध ठरणार आहे."

भाऊ माझ्याकडं बघत म्हणाला, "एखादी घेतली असंल."

ते खोटं होतं. माझ्यासाठी बोललेलं खोटं. पाठीच्या दुखण्यावर पॅरासिटामॉलचा अख्खा डबा मीच त्याला आणून दिला होता. "साधी तापाची गोळी आहे, दुखेल तेव्हा घे, काही होत नाही," हेही मीच म्हटलं होतं. लॅबमधल्या माणसाला घरचे डॉक्टर समजतात आणि मला ते फार आवडायचं. श्रावणाचे उपास धरून, रिकाम्या पोटी तो दिवसाला आठ-आठ घेत होता. पाकिटं मला त्याच्या कपाटात दिसली होती. तेव्हा मी मोजलीही नव्हती; दवाखान्यात निघताना मोजली. काचेवरच्या मेलेल्या पेशी मला लांबून ओळखू येतात, आणि जिवंत भावाच्या पेशी मी स्वतः मारत होते.

मी सांगितलं, "दिवसाला आठ. पंधरा दिवस. मीच दिल्या."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि सलाईनमधून औषध सुरू केलं. आई माझ्याकडं वळली. म्हणाली, "तुज्यापरीस तो बाबा बरा. त्यानं निस्तं पानी पिवळं केलं."

कडेच्या पेशी वाचल्या होत्या. त्यांच्या जोरावर लिव्हर हळूहळू भरून आली. दिवाळीला भाऊ पुन्हा मागावर उभा राहिला.

त्याची पाठ अजून दुखते. मला ते आता त्याच्या बायकोकडून कळतं.