मिरची लावलेली चुसणी
अंगणात लाल मिरची पसरली की त्या वासाने माझी मान आजही ताठ होते. तेव्हा माझी लेक चालायला लागली तरी नंदुरबारच्या बाजारातली रबराची चुसणी सोडत नव्हती. सासूबाईंनी मिरची फोडून चुसणीवर घासली. “चाटू दे, मंग सुटी जाई.” लेकीने तोंड उघडताच मी चुसणी हिसकावून स्वतःच्या तोंडात घातली. जीभ पेटली, डोळे वाहू लागले, डोक्यावरचा पदर घसरला. सासरे समोर होते, तरी मी तो सावरला नाही. “मी चाखी लिधी, आते तुम्ही चाखा,” म्हणत चुसणी सासूबाईंपुढे धरली. त्या उठून घरात गेल्या. माझं लालबुंद तोंड बघून लेकीने पुन्हा चुसणी मागितली नाही. सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, मिरचीने सुटली. मी आजही सांगते, मिरची मी खाल्ली.