न पाहिलेला पक्षी

फौजीकाका खोटं लिहीत नसत. आमच्या ऑफिसात तो दोष समजला जाई.

सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे, गुरुग्रामला, विजेच्या उच्चदाब वाहिनीच्या गस्तीवर आले. मूळचे साताऱ्याकडचे, म्हणून माझ्याशी मराठीत बोलत. वाहिनी ट्रिप झाली, म्हणजे बिघाडाने आपोआप बंद पडली, की यंत्र सांगे, बिघाड इतक्या किलोमीटरवर. ते अंतर तक्त्यावर पाहून मी टॉवरचा नंबर काढून देई आणि काका दुर्बीण घेऊन चालत निघत. जीप असे, पण ते म्हणत, "जीपमधून टॉवर दिसतो ताई, तडा दिसत नाही."

काही सापडलं नाही तर तारांना पक्षी धडकला असं धरून कारणाच्या रकान्यात 'पक्षी' लिहायची आमच्याकडे रीत होती. पक्षी उडून जातो, त्याच्याकडे खुलासा कोण मागणार? काकांनी ते एकदाही लिहिलं नाही. "जो बघितलाच नाही, त्याच्यावर आळ कशाला घेऊ?"

एका हिवाळ्यात मानेसरची वाहिनी लागोपाठ दोनदा ट्रिप झाली. मी नंबर दिला. धुक्यात काकांनी त्या टॉवरच्या मागचे-पुढचे पाच-पाच टॉवर पाहिले. काही नाही. त्यांचा फोन आला, "ताई, गुरुग्रामजवळ नवीन सोसायटीसाठी तारा वळवल्यात. तुमच्या तक्त्यात तो वळसा आहे का?"

नव्हता. तक्ता माझ्या विभागाचा, चूक माझी. वळशाने तारेची लांबी वाढली होती, म्हणजे बिघाड मी दिलेल्या टॉवरच्या बराच अलीकडे असणार होता. मी साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"फौजी, बर्ड लिखो और वापस आओ. फैक्टरीवाले जान खा रहे हैं."

"साहब, चिड़िया दिखी नहीं, तो कैसे लिखूँ?"

साहेबांनी फोन ठेवला आणि वाहिनी चालू करायला लावली. काका तोवर वळशाचा अंदाज घेत, टॉवर तपासत मागे चालत आले होते. त्यांच्या डोक्यावरच ठिणगी फुटली आणि वाहिनी तिसऱ्यांदा बंद पडली. तडकलेला इन्सुलेटर असा सापडला. माणूस वाचला, हे नशीब. आणि त्यांच्या फाइलमध्ये शेरा काय पडला? 'गस्तीत हलगर्जीपणा, आदेशाचं उल्लंघन.'

माझा संताप झाला. तक्त्याची चूक माझी आहे, असं लिहून मी साहेबांना दिलं आणि काकांनाही सांगितलं. साहेबांनी कागद परत सरकवला. "मैडम, अपना प्रमोशन क्यों खराब कर रही हो?" मी तो उचलला आणि पर्समध्ये ठेवला. हे मात्र काकांना सांगितलं नाही. तक्ता तेवढा गुपचूप दुरुस्त केला.

काकांच्या निरोप समारंभात साहेबांनी त्यांना शाल पांघरली. म्हणाले, "फौजी तो हमारे ऑफिस का हीरा है!" टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

काकांनी विचारलं, "साहब, फाइल से वो रिमार्क हट गया?"

"अरे यार, आज के दिन तो छोड़ो!"

"लेकिन मैडम ने तो लिखकर दिया था."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. मी समोशांची प्लेट उगाच सरळ केली.

काकांनी शाल काढली, फौजी शिस्तीत तिची घडी घातली आणि ठेवली. साहेबांपुढे नाही, माझ्यापुढे.