जित्याला बर्फ नाय

आमच्या माशांच्या टाकीपाशी आले की ते दुकानदार आधी हाताची पालथी बाजू पाण्याला लावायचे, आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी. मग डोळे मिटून निकाल द्यायचे, "गुरुजी, पाण्याला ताप हाय."

महाडच्या मे महिन्यात पाण्याला ताप नसेल तर दुसरं काय असणार, असं माझ्या अगदी तोंडावर येई. सगळी हयात मास्तरकीत गेल्यावर जीभ आपोआप तिरकी होते. पण यांच्यापुढे मी गप्प बसायचो, कारण घरातला एक मासा माझ्या हातून आधीच मेला होता.

त्याचं असं झालं. बायकोचं उजवं अंग लुळं पडलं तेव्हा तिचा पलंग आम्ही काचेच्या टाकीसमोर लावला. टाकीत दोन गोल्डफिश. दिवसभर ती त्यांच्याकडे बघत पडलेली असे, तेवढाच तिला विरंगुळा. एका दुपारी लाईट गेली, हवेचा पंप बंद पडला आणि मासे वर येऊन आ वासू लागले. जन्मभर बाजारात मासे बर्फावरच पाहिलेला माणूस मी. धावत जाऊन कोळणीकडून बर्फ आणला आणि दिला टाकीत सोडून. तासाभरात एक मासा उलटा तरंगला. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं, ते दोन दिवस इकडे वळवलं नाही.

तेव्हा मी यांना बोलावून आणलं. बाजारपेठेतल्या गल्लीत पत्र्याखाली त्यांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. उमेदीची वर्षं मुंबईत अशाच एका दुकानात काढून ते कापड्याला आपल्या गावी परतले होते, आणि रोज तिथून येष्टीने महाडला येत. पत्र्यावर ओली पोती टाकलेली असत. लाईट गेली की तांब्या घेऊन एकेका टाकीतलं पाणी उंचावरून परत तिच्यातच ओतत बसत, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. त्यांना स्वतःला मात्र पंखा नव्हता.

माझा पराक्रम ऐकून ते हसले नाहीत. "बर्फ मेलेल्या माशाला, गुरुजी. जित्याला बर्फ नाय. एकदम गार झालं का त्याला झटका बसतो."

त्यांनी टाकी खिडकीपासून लांब हलवायला लावली, झाकण काढून वर जाळी बांधली, खाणं निम्म्यावर आणलं. फ्रीजमध्ये पाण्याची बाटली गोठवायची, फडक्यात गुंडाळून टाकीत सोडायची आणि पाणी जरा निवलं की काढून घ्यायची. "हळूहळू, गुरुजी, हळूहळू," हे त्यांचं पालुपद. मग पलंगाकडे वळून म्हणाले, "वहिनी, ह्यो उरलेला मासा मे महिन्यातनं बाहेर काढायचा. माज्यावर सोडा."

बायको कितीतरी दिवसांनी हसली. अर्ध्याच तोंडाने, पण हसली.

त्यानंतर रोज दुपारी दुकानावर पडदा ओढून ते भर उन्हात आमच्याकडे येत. मी पाणी पुढे करी. "आधी ह्याचं बघतो," म्हणत. टाकी बघून झाली की त्यांना दुकानातले मासे आठवत आणि तांब्या तसाच भरलेला राही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काळजी घेणं हे त्यांचंच काम, असं आपण धरून चालतो आणि त्यांच्याकडे बघायचं राहून जातं.

शेवटच्या दिवशी ते पायरीवरच बसले. चेहरा लालबुंद, घाम मात्र नाही. "दमलो, गुरुजी. आज पाणी तुमी बघा."

मी पालथा हात टाकीत बुडवला आणि पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा ओरडलो, "आज ताप नाही!"

ते हसले, भिंतीला धरून उठले आणि गेले. पलंगावरून बायको एकेक शब्द जुळवत म्हणाली, "त्यांना... पाणी..." मी तांब्या घेऊन फाटकाशी पोहोचलो तोवर ते वळणाआड गेले होते. त्या उन्हात पन्नास पावलं त्यांच्यामागे जायचा मला कंटाळा आला. मी घरात परतलो.

त्याच संध्याकाळी ते कापड्याला येष्टीतून उतरले आणि घरी पोहोचायच्या आतच रस्त्यात कोसळले. उष्माघात, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळाला तसा मी बायकोला न सांगताच कापड्याला गेलो. मुंबईहून निघालेला मुलगा हायवेवर अडकला होता. तोवर त्यांना ओटीवर ठेवलं होतं. अंगाखाली आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या लाद्या. वितळलेलं पाणी अंगणात ओघळत होतं.

"पोलादपुरातनं आणला बर्फ," शेजारची बाई म्हणाली. "पोरगा येईस्तोवर पायजे ना."

मी हाताची पालथी बाजू त्यांच्या कपाळाला लावली. हे आदल्या दुपारी करायला हवं होतं.

घरी आलो तेव्हा टाकीतलं पाणी तापलं होतं. बायकोने विचारलं, "आले... नाहीत?" मी फ्रीजमधली बाटली काढली, फडक्यात गुंडाळली आणि हळूहळू पाण्यात सोडली. "आजपासून मी बघणार," मी म्हणालो. तिला समजलं. या वेळी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं नाही. आम्ही दोघं माशाकडे बघत बसलो.