वहिनींनी तपासलेली कार्डं

इमारत बांधण्याआधीच ती पडद्यावर उभी करून दाखवायची, हे तिचं काम. भिंती, जिने, खिडकीतून आत येणारं ऊन, सगळं हुबेहूब. त्यासाठी लागणारं महागडं ग्राफिक्स कार्ड तिने लग्नाआधी पोटाला चिमटा काढून घेतलं होतं. आई आजारी म्हणून ती माहेरी गेली, आणि परत येऊन कॉम्प्युटर लावते तर पडदा काळाठिक्कर. आत कार्डच नाही!

ते सापडलं धाकट्या दिराच्या खोलीत. लोखंडी मांडणीवर इतर कार्डांच्या रांगेत घरघरत होतं. त्याला क्रिप्टोचं वेड लागलं होतं. कार्डं अहोरात्र राबवायची आणि घरबसल्या आभासी नाणी मिळवायची.

"चिडता काय वहिनी? नवीन आणून देतो की," तो म्हणाला.

नवरा म्हणाला, "लहान आहे, सोडून दे."

नवीन कुठलं यायला! अशाच हौशी मंडळींनी दुकानं धुऊन नेली होती. तेच कार्ड तिप्पट भावानेही मिळेना. तिची कामं एकेक करून दुसऱ्यांकडे गेली. दीर मात्र हवेत. ती ओठ शिवून बसली, पण विसरली काहीच नाही.

मग क्रिप्टो गडगडलं. दिराने कार्डं विकायला काढली. गिऱ्हाईक म्हणून आलेला गेमिंग पार्लरचा मालक तिला ओळखायचा. तो म्हणाला, "वहिनींनी तपासून दिली तर सगळी घेतो."

"दोन मिनिटं चालवून दाखवा, फार खोलात जाऊ नका," दीर तिच्या कानाशी लागला.

"बसा हो," ती मालकाला म्हणाली. "नीटच बघू."

तिने प्रत्येक कार्डाला घाम फुटेल असं जड काम दिलं. एकावर रंगीत ठिपके नाचले, दुसरं मध्येच बंद पडलं, तिसऱ्याचा पंखा खडखडला. दीर डोळ्यांनी खुणावत होता. तिने मान वर केली नाही.

"यांना क्षणाची उसंत मिळालेली नाही," ती म्हणाली. "यात माझंही एक आहे. मी तर फुकट दिलं तरी घेणार नाही."

मालक चहाला न थांबता उठला.

"घरच्या माणसाला बुडवलंत, वहिनी!" दीर ओरडला.

"यात खोटं काय बोलले, तेवढं सांगा भावजी."

तो पाय आपटत आपल्या खोलीत गेला. नवरा "अती झालं" म्हणत दिवसभर धुमसत राहिला. ती त्या दिवशी दोन घास जास्तच जेवली. पुढे भाव उतरल्यावर तिने नवीन कार्ड घेतलं, आणि दिराच्या डोळ्यांदेखत आपल्या खोलीला कुलूप घातलं.